डाव्या हाताची खूण

आमच्या ह्यांनी मारलेलं रानडुक्कर दर लग्नात मोठं व्हायचं. आमच्या रवीच्या लग्नात तर ते म्हशीएवढं झालं. मी भर मांडवात म्हटलं, "अहो, जरा आवरा, पाहुण्यांचं जेवण व्हायचंय अजून." सगळे हसले आणि हे दोन दिवस माझ्यावर फुगून बसले.

हे म्हणजे माझे मालक, सूर्यभान. काचीगुड्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभी हयात गेली, घर इथं शहरातच, नल्लकुंट्याला. पण जन्म किनवटकडचा, सागाच्या रानातला. तिथल्या पाटलांचा शिवराज ह्यांचा जिगरी दोस्त. गावात ह्यांना पाटलांच्या ओट्यावर चढायची सोय नव्हती, रानात मात्र दोघं एका फडक्यावरची भाकरी खायचे. पाटलांकडे लायसनची जुनी विलायती रायफल होती. शिवराजभावजी ती चालवायचे आणि हे पुढं राहून माग काढायचे. कधीमधी ह्यांच्याही हाती यायची, त्यातलंच ते डुक्कर. मग शिकारीवर बंदी आली, रायफल पोलिसात जमा झाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन आले. म्हणजे माझ्या वाट्याला नुसत्या गोष्टीच.

पण काय सांगायचे हो! थंडीत रायफलची नळी गालाला लागली की कसा चटका बसतो, ओल्या पाल्यावर पाय कसा टाकायचा, सांबर पळण्याआधी पाय कसा आपटतं. मी रान कधी बघितलं नाही, पण सगळं ठाऊक. आबिड्सच्या बाजारात साडी घ्यायला गेलो की हे मला सोडून बंदुकीच्या दुकानासमोर उभे. आत जायचे नाहीत, काचेतूनच बघायचे. मी ओरडायची, "चला ना हो, कायकू परेशान करता!" तेव्हा डोकं फिरायचं माझं. आता त्या रस्त्यानं रिक्षा गेली की मीच त्या काचेकडे बघते.

गेल्या हिवाळ्यात सकाळी दाढी करताना ह्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अख्ख्या घरात सगळ्यात बोलका माणूस, त्याचीच वाचा जावी! किती रडले मी.

राहिला डावा हात. थोड्या दिवसांनी त्या हातानं एक खूण करायला लागले. दोन बोटं कानाखाली मानेवर टेकवायची, मग तळवा पालथा करून हळूच गादीवर ठेवायचा. दिवसातून कितीदा तरी. मला वाटलं, मानेला घाम येतोय. मी पावडर लावली. उशी उंच वाटत असेल म्हणून पातळ उशी आणली. पंखा कमी केला, वाढवला. रवीनं बिनकॉलरचे सदरे आणले. हे डोळे मिटून घ्यायचे आणि जरा वेळानं पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात हात आपोआप हलतो, मनावर घेऊ नका. मी म्हटलं, आपोआप कसला, माणूस काहीतरी मागतोय. पण काय मागतोय ते कळेना.

मग एके दिवशी शिवराजभावजी आले, नांदेडहून रेल्वेनं. गुडघे गेलेत, काठी टेकत जिना चढले. "सूर्या," म्हणून हाक मारली तर ह्यांचे डोळे असे उघडले की मला हसूच आलं. किती महिन्यांनी असे बघत होते! मी मोठ्या खुशीत चहा टाकायला गेले.

चहा घेऊन आले तर ह्यांचा हात चालू होता. दोन बोटं कानाखाली, तळवा खाली. ह्या वेळी नजर सरळ भावजींवर. आणि भावजींनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं.

"भावजी, तुम्हाला कळतंय ना हे? काय म्हणतात?"

"काही नाही वहिनी. रानातलं जुनं काहीतरी."

"पन्नास वर्षं ह्यांच्या थापा ऐकल्यात मी. थाप मला लगेच कळते. सांगा."

भावजींनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "रानात बोलत नसतात, वहिनी. बोललं की जनावर उठतं. सगळं खुणांवर चालायचं. गोळी आडवी लागून जनावर पडलं आणि जीव जाईना, तर सूर्या आधी पोचायचा आणि मला ही खूण करायचा. कानाखाली एक गोळी घाल, निजू दे त्याला. जखमी जनावर तडफडत ठेवायचं नाही, एवढा नियम आम्ही कधी मोडला नाही."

मी चहा खाली ठेवला. इतके महिने माझा माणूस मरण मागत होता आणि मी त्याला पावडर लावत होते!

खाटेवर बसले आणि तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला. रडतही होते, चिडलेही होते. म्हटलं, "ऐका. मी काही शिकारी नाही. मला नाही जमणार ते. मला तुम्ही पाहिजे, असे तर असे. तुम्हाला माझी शपथ आहे, पुन्हा मागायचं नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग हात हळूच सोडवून घेतला आणि पांघरुणाखाली नेला. भावजी चहा न घेताच गेले.

त्या दिवसापासून तो हात हललेला नाही. चमचा नेला की तोंड उघडतात, कूस बदलून दिली की तसेच राहतात. रवी म्हणतो, पप्पा शांत झाले, बरं झालं. मी त्याला काही सांगितलं नाही.

जन्मभर माझं एक ऐकलं नाही ह्या माणसानं, आणि ऐकलं ते हे. आता मीच उशाशी बसून त्या हाताकडे बघत असते. म्हणते, अहो, मागा. मी देणार नाही, भांडेन, शिव्या घालीन, पण मागा तरी.