बांधावरचा तरवड

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळी वर्षी मी कचेरीसमोर अर्ज लिहीत असे. शेजारी रेणापूरकडचा एक रोपेवाला बसे. गिऱ्हाइकाला तो आधी "पाणी किती हाय?" असे विचारी आणि मगच रोप देई. एके दिवशी कचेरीतले एक कारकून त्याला तिथून उठवायला आले. त्याच्यासाठी मी तत्काळ 'दुर्मिळ शोभिवंत वनस्पती' असा भारदस्त अर्ज लिहून वाचून दाखवला.

"दुर्मिळ? हा तर बांधावरचा तरवड!" पिवळ्या फुलांच्या रानटी रोपाकडे बोट दाखवत कारकून गरजले.

"हाव साहेब, बांधावरचाच. म्हून तर फुलून राहिलाय. तुमचे गुलाब कुठं हायत?"

कारकुनांनी आवारातल्या वाळक्या काटक्यांकडे पाहिले आणि चार तरवड मागितले.

"पाणी किती हाय?" त्याने विचारले.

त्याची जागा टिकली. माझा अर्ज देण्याची वेळच आली नाही, याचे मला आजही किंचित वाईट वाटते.