कासवांच्या फाइली

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की मला शेजारच्या टेबलावरची ती आठवते. भवानीनगरला ऊसनोंदणीचं काम तिला मीच शिकवलं होतं. फाइली शेतकऱ्याच्या नावानं नाही, लागणीच्या तारखेनं लावायच्या, म्हणजे आधी लावलेला ऊस आधी तुटतो. परदेशात कासवं वाचवणाऱ्या एका संस्थेला ऑफिसकामासाठी स्वयंसेवक हवे होते. अर्ज दोघींनी केला, निवड तिची झाली. बिनपगारी का असेना, समुद्राकाठी! तोंडानं मी ‘छान’ म्हणाले आणि पोटात दुखायला लागलं. महिन्याभरानं तिचा फोन आला. “ताई, हितं घरट्यांच्या नोंदी किनाऱ्यांच्या नावानं लावल्यात. कुठली अंडी आधी फुटणार, कायबी कळंना. कशा लावू?” उत्तर मला तोंडपाठ होतं. “मला काय ठावं? मी कुठं कासवं बघितलीत!” म्हणत मी फोन ठेवला. आठवड्यानं तिनं फोटो पाठवला. अंडी घातल्याच्या तारखेनं ओळीत लावलेल्या फाइली, मागं खिडकीतून दिसणारा निळा समुद्र आणि कपाटावर मराठीत चिकटवलेली चिठ्ठी, ‘आमच्या ताईंची पद्धत’. मी अजून इथंच नोंदी करते. आणि खरं सांगू, समुद्राकाठी पोचलेल्या त्या चिठ्ठीचासुद्धा मला आजही हेवा वाटतो.