मार खाणारी कोण?

माझा नवरा शाळेतून निवृत्त झाला आणि थोड्याच दिवसांत त्याला आत्मज्ञान झालं. आष्टीत रिकाम्या माणसाला दुसरं होण्यासारखं फारसं काही नाहीच.

आमचं घर बौद्ध. रविवारी विहारात वंदना, पंचशील, मग घरी येऊन धुणं. त्यात मला कधी काही गूढ दिसलं नाही. नवऱ्याला मात्र मोबाईलवर एक प्रवचनकार सापडला. तो अनात्म आणि अद्वैत एकाच खलबत्त्यात कुटून द्यायचा. दळण आणा म्हटलं की नवरा म्हणे, "आणणारा कोण, ते आधी शोध." आम्ही शोधत बसलो असतो तर उपाशी मेलो असतो. भाकरी खाणारा कोण, हे मात्र त्याने ताटावर बसून एकदाही विचारलं नाही.

मग मुलगी सासरहून परत आली. जावयाने मारलं होतं. कानाखाली सूज होती. ती उतरायच्या आत व्याही न्यायला हजर.

मी चहा ठेवला. मुलगी माझ्याजवळ उभी राहून बापाकडे बघत होती. तो बोलला तर आपण वाचू, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

त्याने डोळे मिटले. "व्याही, मारणारा कोण अन् मार खाणारी कोण? दोघंबी न्हाईत. नुसतं घडतंय. साक्षीभावानं बघायचं."

"लई बरोबर बोलले गुरुजी!" व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "आमी अडाणी, आमाला असं सांगता येत न्हाई. चल पोरी, पिशवी घे."

मारणाऱ्याच्या बापाला इतकं पटावं, अशी ही शिकवण!

मुलगी पिशवीसाठी वाकली. मी तिला अडवलं नाही. पोरगी घरी बसवली म्हणून लोक नावं ठेवतील, ही भीती. चिडून मी नवऱ्याचाच प्रश्न स्वतःला विचारला. ही घाबरणारी कोण? आणि खरंच आत पाहिलं. आईचं बोलणं सापडलं, शेजारणींचं सापडलं, विहारातल्या बायकांच्या नजरा सापडल्या. घाबरणारी अशी कोणीच सापडली नाही. उजेड वगैरे काही पडला नाही. चहा उतू गेला.

"पोरगी येणार न्हाई," मी म्हणाले.

"विहीणबाई, आत्ता गुरुजी काय बोलले?"

"मार खाणारी कुणी न्हाई म्हणले. मग नेता कुणाला?"

व्याही चहा न पिता गेले.

संध्याकाळी नवरा मऊ आवाजात म्हणाला, "त्या क्षणी तुला नेमकं काय झालं? गच्चीवर माझं ऐकायला मंडळी येतात, त्यांनाबी सांग."

"उद्या वकिलाकडं जायचंय बीडला," मी म्हणाले. "तुमीबी चला. अन् तिथं डोळे उघडे ठेवा."

घाबरणारी कोण, हा प्रश्न मी अजूनही अधूनमधून स्वतःला विचारते. त्याला सांगत नाही, लगेच वर्ग काढील. वकिलापुढे मात्र तो बोलला. मुलीची सूज कुठे होती, ते आधी चुकीच्या कानाला हात लावून सांगितलं, पण बोलला.