छत्रीची काडी

आक्का गेल्याचा निरोप गिरणीत आला तेव्हा मी मागाच्या साच्याखाली वाकलो होतो. तेलकट हातांनी तसाच परळला पळालो... तिच्या खोलीत शिरलो आणि आधी नजर गेली ती खिडकीपाशी ठेवलेल्या शिलाई मशीनवर. काळंभोर, चकचकीत. माझ्याच हातचं काम. तेव्हाही मला त्याचा अभिमान होता.

आक्का माझी थोरली बहीण. भावोजी शिंपीकाम करायचे. ते अकाली गेले आणि मागे उरलं हे हाताने फिरवायचं जुनं विलायती मशीन. त्यावर आक्का चाळीतल्या बायकांना लुगड्यांच्या गोधड्या शिवून द्यायची. डोळे अधू झालेले, पण टाक्यांच्या ओळी सरळसोट. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एकदा अश्रुधुराचं नळकांडं गॅलरीतून थेट तिच्या खोलीत आलं. तिने त्यावर पाण्याची बादली उपडी केली, ओलं गोणपाट टाकलं. नळकांडं विझलं, पण मशीनही न्हालं. पुढे संचारबंदी, पुसायला तेल आणणार कुठून? चाक गंजून बसलं. त्या दिवसांत माणसं जात होती, तिथे मशीनचं काय सांगायचं, म्हणून ती गप्पच राहिली.

मला कळलं तेव्हा मीच ते उचलून दादरला माझ्या घरी आणलं. मी गिरणीतला फिटर. लोखंडाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, ही माझी घमेंड. चार रविवार बसून एकेक स्क्रू रॉकेलमध्ये भिजवला, गंज घासून काढला, वर काळा रंग दिला. सुईजवळच्या पट्टीला दोऱ्याने बांधलेली एक वाकवलेली छत्रीची काडी होती. ती कामचलाऊ भानगड बघून मला हसूच आलं. दोरा कापला आणि काडी भंगारात टाकली.

मशीन परत नेलं तेव्हा आक्काने चाक फिरवून पाहिलं. मग तिची बोटं सुईशेजारी काहीतरी चाचपत राहिली. मला वाटलं, नव्या रंगाचं कौतुक.

“नव्या नवरीसारखं सजवलंस रे,” एवढंच म्हणाली.

त्यावर पहिली गोधडी तिने माझ्या तान्ह्या मुलीसाठी शिवली. ओळी वाकड्यातिकड्या, कुठे एकमेकींना भिडलेल्या. मी तिची थट्टा केली, म्हातारी झालीस म्हणून. तीही हसली. पुढे तिने लोकांच्या गोधड्या घेणंच सोडलं. तेही मी वयावर ढकललं.

बाराव्याला शेजारच्या पार्वतीकाकूंनी सगळं सांगितलं. आक्काची नजर कमी झाली तेव्हा भावोजींनीच ती काडी बांधून दिली होती. काडीचं टोक आधीच्या ओळीवर बोटाने चाचपून ठेवायचं, की पुढची ओळ न बघताही सरळ पडायची. मग तिने मला सांगितलं का नाही? काकूंनीही तिला हेच विचारलं होतं. तिचं उत्तर त्यांनी जसंच्या तसं, आमच्या गावच्या बोलीत सांगितलं.

“पोरान चार रविवार घातल्यान. तेका कशाक सांगू?”

दुसरी काडी मी दहा मिनिटांत वाकवून दिली असती, आक्का. एकदा रागावायचं होतंस माझ्यावर... तू रागावली नाहीस, हेच आता सहन होत नाही.

मशीन सध्या माझ्याकडे आहे. परवा जुनी छत्री मोडून एक काडी सुईशेजारी बांधली. शिवणारं घरात कोणी नाही. मुलीला मात्र झोपताना तीच गोधडी लागते. पांघरली की ती एखाद्या वाकड्या ओळीवरून बोट फिरवत जाते आणि ओळ संपायच्या आत झोपते.