भिंतीवरची पूर्व

फोन आला तेव्हा मी डिंगोऱ्यात, अंगणात कांदे निवडत होते. "मावशी, वैजू गेली," भाचजावई म्हणाले. मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा कांदे निवडायला लागले. अर्धी पाटी झाल्यावर हात थांबले... वैजयंता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. घोडेगावात राहायची, जवळच्या वाडीवरच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. घरीच छातीत कळ आली म्हणे. माझी सत्तरी उलटलीय, तिची पन्नाशी व्हायची होती. हे असं कसं, महिना होत आला तरी मला कळत नाही.

दिवाळीत माझ्याकडं आली ती तोंड पाडून. शाळेला मोठा टीव्ही मिळाला होता. त्यावर ती नकाशा दाखवायची. बोट लावलं की ओझरचं देऊळ मोठं व्हायचं, मुलं खूश. नकाशात वरती उत्तर, उजवीकडं पूर्व, सगळ्यांचं तोंडपाठ. मग एकदा तिनं वर्ग मैदानात नेला आणि पूर्व दाखवा म्हणाली. सगळ्यांनी डोंगराकडं हात केले, सूर्य मावळतो तिकडं.

"वैजे, सकाळी शाळंत येताना सूर्य दिसत न्हाई व्हय त्यांना?"

"दिसतो गं मावशी. पण टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर आहे. मुलं तिकडं तोंड करून बसतात. पडद्यावरची पूर्व उजव्या हाताला, खरी डाव्या. मीच उलटं शिकवलं."

"मंग टीव्ही हलव की."

"टीव्हीचा प्लग त्याच भिंतीला आहे."

मला हसू आलं. तिला नाही. म्हणाली, "या वयात डोक्यात बसलेलं निघत नाही गं. ही मुलं मोठी होऊन वाट चुकली तर?" एवढ्याशा गोष्टीला एवढा घोर कशाला, मला समजेना. सुट्टी संपल्यावर ती मुलांना मैदानात बसवून टॅब जमिनीवर आडवा ठेवायला लागली. नकाशातलं वाडीचं देऊळ खऱ्या देवळाच्या दिशेला येईपर्यंत मुलांनी तो फिरवायचा. मी फोनवर विचारलं, जमलं का? म्हणाली, "काहींना. बाकीच्यांचा उजवा हात आधी उठतोच..." तेच शेवटचं बोलणं.

ती गेली त्या दिवशी मी घोडेगावला तिच्या घरी गेले. तिला स्मशानात पोचवून माणसं संध्याकाळी परतली. जिथं ती गेली तिथं दिवा लावायचा, वात दक्षिणेकडं. मी जन्मभर दिशा न विचारता ओळखल्या, पण त्या तिसऱ्या मजल्यावर मला काही उमजेना. आभाळ भरलेलं, खिडकीबाहेर दुसरी इमारत. "इकडं आसंल," वैजूच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई म्हणाल्या. शेजारीण दुसरीकडं दाखवायला लागली. वैजूच्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर भेटायला आली होती. तिनं आईचा मोबाइल घेतला, त्यावर नकाशा उघडला, गॅलरीत जाऊन रस्ता आणि एसटी स्टँड बघून आली, मोबाइल फरशीवर ठेवला आणि फिरवायला लागली.

"काय खेळतीस गं?" विहीणबाई ओरडल्या.

"खेळत न्हाई. थांबा, स्टँड जुळू द्या." मग तिनं दाराकडं बोट केलं. "दक्षिण तिकडं."

मी वात दाराकडं केली. खरं सांगायचं तर विश्वास नव्हता. सकाळी आभाळ मोकळं झालं तशी जिना उतरून रस्त्यावर गेले, सूर्य बघितला. पोरगी बरोबर होती.

हे सांगायचं म्हणून धापा टाकत वर आले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. सकाळची वैजू तिथंच असते... ओट्यावर कालचे कप तसेच पडले होते. ते घासून ठेवले.