माझा खुंटीदात आणि सासुरवाडीची पोपटी

वरच्या पुढच्या दोन दातांशेजारचा माझा एक दात मुळातच निमुळता, तांदळाच्या दाण्याएवढा. शाळेत पोरं विचारायची, "खुंटीवर दप्तर टांगू का रं?" म्हणून कॉलेजात मिशी वाढवली. ती इतकी झुबकेदार झाली की दात झाकला गेला, पण अर्धी आमटीही तिथंच राहायची. शेवटी लग्न ठरल्यावर गुपचूप खोपोलीला जाऊन दातावर टोपी बसवून घेतली नि मिशी उडवली. बायकोला बारा वर्षं पत्ता नाही. कर्जतच्या शाळेत मी मुलांना खरं बोलायला शिकवतो, हेही सांगून ठेवतो.

गेल्या वर्षी लेकीचा दुधाचा दात पडला आणि त्या जागी हुबेहूब माझी खुंटी उगवली. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, काहींच्या दाताचा आकारच असा होतो. बऱ्याचदा घराण्यात असतं. तुमच्याकडे कुणाचा आहे?" मी तोंड मिटून नकारार्थी मान हलवली. वर, "हिच्या माहेरचा असेल," असंही म्हणालो.

बायकोने ते मनावर घेतलं. लोधिवलीला माहेरी फोन गेले, मामा-मावशांच्या जबड्यांची तपासणी झाली. कुणाकडेच काही निघेना. लेक मात्र आधी तोंडावर हात ठेवून हसायला लागली, मग हसेनाशीच झाली. एकदा म्हणाली, "बाबा, मी एकटीच अशी आहे ना?" मला स्वतःची लाज वाटली. तरी तिला "दात नीट घास" एवढंच सांगितलं.

थंडीत सासुरवाडीच्या शेतावर पोपटी लावली, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भरून जाळात भाजायला ठेवल्या. दुपारी मडकं रिकामं केलं, सगळे वालाच्या वाफाळत्या शेंगांभोवती बसले. मी एक शेंग दातांनी ओढली आणि शेंगेबरोबर टोपीही निघून गेली. झटकन तोंडावर हात नेला. समोर लेक बसली होती, तिचाही हात तोंडावरच.

मी हात खाली घेतला.

ती उठून जवळ आली, माझ्या तोंडात निरखून बघितलं. "तुझाच आहे की! मग लपवलास का?"



तेवढ्यात सासूबाईंनी टरफलांतून टोपी शोधून काढली, पदराने पुसली आणि सगळ्यांसमोर माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या जावईबापू. आमच्याकडचा नाय हा."

बायको सोडून सगळे हसले. लेक तर खदखदून हसली. तिचे दोन्ही हात शेंग सोलत होते.