ताप उतरवणारा मग

चिनी मातीच्या कारखान्यात तिला सगळे तिखट म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिचं काम मगांवर चित्रं बसवायचं. छापील चित्र पाण्यात भिजवायचं, कागदावरून अलगद सरकवून मगावर चिकटवायचं, बोटाने हवा काढायची, की माल भट्टीकडे. फुलं, मांजरं, होड्या.

त्या वर्षी मालकाने नवं चित्र आणलं. अब्राकाडाब्रा. जुन्या काळचा रक्षा करणारा शब्द म्हणे. त्रिकोणात लिहिलेला, प्रत्येक ओळीत एक अक्षर कमी, शेवटी नुसता ‘अ’. खोक्यावर ओळ होती : शब्द विरेल तसा ताप विरेल. मगाच्या बुडाला मात्र बारीक अक्षरांत वेगळं छोटं चित्र, ‘केवळ शोभेसाठी’. त्रिकोण आणि हे, दोन्ही चित्रं तिनेच बसवायची.

तिच्याकडे राहणारा धाकटा भाऊ तापाने पडला. गोळ्या चालू होत्या, तरी अंग भट्टीसारखं. एका दुपारी ती अचानक घरी आली, तर भाऊ त्याच मगातून कोमट पाणी पीत होता आणि गोळ्या उशीखाली जशाच्या तशा.

“वहिनीने आणलाय बाजारातून,” भेटायला आलेली थोरली भावजय जवळच उभी होती, तिच्याकडे बोट करून तो म्हणाला. “गोळ्यांनी पोट बिघडतं.”

“अरे, हे मी चिकटवलंय. या हातांनी. जांभया देत.”

“तू चिकटवलंस म्हणून शब्द खोटा होतो का?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात.

ती तडक मालकासमोर. “खोक्यावरची ओळ काढा.”

“बुडाला लिहिलंय की, शोभेसाठी म्हणून.”

“पाण्याने भरलेला मग उलटा करून कोण वाचतं?”

“तुला परत फुलांच्या मगांवर घालतो. डोकं शांत ठेव.”

ती जागेवर जाऊन बसली आणि त्या दिवशीच्या सगळ्या मगांवर ‘केवळ शोभेसाठी’ समोरच, त्रिकोणाच्या डोक्यावर बसवलं. भट्टीतून निघाल्यावर ते खरवडूनही जाईना. मालकाने आकांडतांडव केलं आणि तिला कामावरून काढलं. जाताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

आता ती फरशांच्या कारखान्यात जाते. भाऊ बरा झाला, गोळ्या अजून चालू आहेत. भेटायला येणाऱ्यांना सांगतो, “मगाने तारलं, दवाखान्यात नुसता पडून होतो.” तिने त्याच्याशी बोलणं टाकलंय. गोळी हातावर ठेवते, गिळेपर्यंत समोर उभी राहते, जीभ वर करायला लावून बघते. सगळं खुणेनेच.